ओटीपोटातल्या गाठींचा शोध

२८ फेब्रुवारी १९४१ या दिवशी मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटलचं उद्घाटन झालं. गव्हर्नर सर रॉजर लम्ली त्यासाठी आले होते. सुरुवातीला खाटा होत्या ८०. त्याच वर्षी शिकागोमध्ये चार्ल्स हगिन्स या सर्जनने आपल्या सहकाऱ्यांसह एक शोधनिबंध छापला. प्रोस्टेटचा कॅन्सर अंगभर पसरलेल्या रुग्णांचे वृषण काढून टाकले तर गाठी आक्रसतात, हाडांचं दुखणं थांबतं, अंथरुणाला खिळलेला माणूस पुन्हा उठून बसतो, असं त्याने २१ रुग्णांच्या अनुभवावरून मांडलं. परळ आणि शिकागो यांचा तेव्हा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण आज महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातला एखादा म्हातारा माणूस हा आजार घेऊन मुंबईला जातो, तेव्हा त्याच्या उपचारात ही दोन्ही सूत्रं एकत्र आलेली असतात.

सीमाभागातलंच मेहकर हे गाव १९४१ मध्ये निजामाच्या राज्यात होतं. जिल्हा बिदर, तालुका भालकी. घरात मराठी, कचेरीत उर्दू, आणि मोठं दुखणं निघालं की वाट हैदराबादची. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामी संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि बिदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. काही भाग आंध्रात गेला. मेहकर म्हैसूरकडे राहिलं आणि सोयरीक मात्र उदगीर-निलंग्याकडे. या भागातल्या माणसाला पुढे आजारपणात कुठली वाट धरायची हे ठरवताना ही नकाशावरची रेघ दर वेळी आडवी आली. त्या वाटेची गोष्ट सांगण्याआधी आजाराची सांगायला हवी, कारण तो आजार समजून घ्यायलाच जगाला शंभरावर वर्षं लागली.

प्रोस्टेट, म्हणजे पौरुषग्रंथी, ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली मूत्रनलिकेला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. साठीनंतर ती बहुतेकांची थोडीफार वाढते. रात्री तीन-चारदा उठावं लागतं, धार बारीक होते, लघवी झाली तरी झाल्यासारखी वाटत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. बहुतेकदा ते खरंही असतं, कारण ही वाढ कॅन्सरची नसते. घात होतो तो इथेच. कॅन्सर सुरुवातीला एक तर काहीच लक्षण दाखवत नाही, किंवा याच साध्या तक्रारींच्या आड लपून राहतो. मग कंबर दुखायला लागते. शेतात राबलेल्या माणसाची कंबर दुखणारच, म्हणून तेल चोळलं जातं, वाताचं औषध होतं, कधी पट्टा बांधला जातो. लघवी पूर्ण तुंबते किंवा पायातलं बळ जातं, तेव्हा घाईने गाडी केली जाते. तोवर आजार ग्रंथीच्या बाहेर पडून लसिका ग्रंथींत आणि हाडांत जाऊन बसलेला असतो.

या आजाराची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करून घेतलेली पहिली नोंद १८५३ सालची. लंडन हॉस्पिटलचे सर्जन जॉन ॲडम्स यांच्याकडे ५९ वर्षांचा एक रुग्ण आला. लघवीच्या तक्रारी सुरू झाल्यापासून तीन वर्षांत तो गेला. ॲडम्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या रुग्णाविषयी लिहिलं. त्या लेखाच्या शीर्षकातच प्रोस्टेटच्या कठीण गाठीसोबत कमरेच्या भागातल्या आणि ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींना लागण झाल्याचा उल्लेख आहे. पहिल्याच नोंदीत लसिका ग्रंथी होत्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आजार अत्यंत दुर्मीळ असल्याचंही ॲडम्स यांनी म्हटलं होतं. त्या काळी माणसं जगायचीच कमी, आणि जी म्हातारी होत त्यांच्या लघवीच्या तक्रारीमागे काय आहे हे मरणोत्तर तपासणीशिवाय कळायला मार्ग नव्हता. आज हा जगभरातल्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरांपैकी एक आहे. मुंबई, पुणे, दिल्ली अशा शहरांच्या कॅन्सर नोंदणीतही तो पुरुषांच्या आघाडीच्या कॅन्सरांमध्ये आला आहे.

लसिका ग्रंथींचं इतकं महत्त्व का? शरीरात रक्तवाहिन्यांसोबत लसिका वाहिन्यांचं एक बारीक जाळं असतं. पेशींभोवतालचा द्रव गोळा करून हे जाळं तो पुन्हा रक्तात नेऊन सोडतं. वाटेत ठिकठिकाणी लहान गाठी असतात, त्या लसिका ग्रंथी. एरवी जंतूंना अडवणं हे त्यांचं काम. प्रोस्टेटमधून सुटलेली कॅन्सरची पेशी या वाहिन्यांत शिरली की पहिल्यांदा ओटीपोटातल्या ग्रंथींत अडकते: कमरेच्या हाडाच्या आतल्या भिंतीलगत, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांशेजारी, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीसमोर. तिथून ती वर पोटातल्या महाधमनीच्या कडेच्या ग्रंथींकडे चढते. तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर आपल्या भागात घरोघरी माहीत आहे. त्यात मानेला गाठ आली तर बोटांना लागते, बायकोच्याही नजरेला पडते. ओटीपोटातली ही गाठ मात्र हाताला लागत नाही. ती खूप वाढून एक पाय सुजला किंवा मूत्रपिंडाची वाट दाबली गेली, तरच तिचा पत्ता लागतो.

पसरण्याची दुसरी वाट १९४० मध्ये उलगडली. फिलाडेल्फियातले शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅट्सन यांनी मृतदेहांच्या ओटीपोटातल्या शिरांत रंगद्रव्य सोडून पाहिलं, तर ते हृदयाकडे न जाता थेट मणक्यांभोवतालच्या शिरांच्या जाळ्यात पोहोचलं. प्रोस्टेटचा कॅन्सर कंबरेच्या मणक्यांत इतक्या लवकर का जातो, याचं एक उत्तर त्यात मिळालं. कंबरदुखीकडे काणाडोळा का करू नये, याचंही.

उपचारांचा इतिहास सुरू होतो तो सुरीपासून. ७ एप्रिल १९०४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी कॅन्सरसाठी संपूर्ण प्रोस्टेट काढण्याची शस्त्रक्रिया केली. मदतीला त्यांचे गुरू विल्यम हॉल्स्टेड उभे होते. हॉल्स्टेड यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या ग्रंथींसह सगळं काढायचं असा दंडक घालून दिला होता. यंग मात्र गुदद्वाराच्या पुढच्या बाजूने आत शिरत. त्या वाटेने प्रोस्टेट हाताशी येते, ओटीपोटातल्या लसिका ग्रंथी येत नाहीत. मग ज्यांच्या ग्रंथींत आजार शिरलेला असे, त्यांची प्रोस्टेट निघाली तरी कॅन्सर मागे राही. १९४५ मध्ये टेरेन्स मिलिन या आयरिश सर्जनने पोटाच्या पुढून, मूत्राशयाच्या खालून प्रोस्टेटपर्यंत जाण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे त्या ग्रंथी सर्जनच्या नजरेच्या टप्प्यात आल्या. १९५९ मध्ये आयोवातले रूबिन फ्लॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथी तपासून लिहिलं, की वरवर प्रोस्टेटपुरता वाटणारा आजार कित्येकांत ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असतो.

पण सापडल्यावर करायचं काय? पुढची अनेक वर्षं पुष्कळ ठिकाणी अशी पद्धत होती: पोट उघडायचं, आधी ओटीपोटातल्या ग्रंथी काढून तिथल्या तिथे गोठवून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायच्या, आणि त्यांत कॅन्सर सापडला तर प्रोस्टेटला हातही न लावता पोट शिवून टाकायचं. रुग्ण शुद्धीवर आला की त्याला कळायचं, शस्त्रक्रिया झालीच नाही. ग्रंथीत आजार म्हणजे लढाई संपली, अशी तेव्हा समजूत होती. १९८२ मध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी लैंगिक क्षमतेच्या नसा वाचवून प्रोस्टेट काढण्याचं तंत्र बसवलं आणि शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा खूप सुसह्य झाली. तरी ग्रंथींचा प्रश्न होता तिथेच राहिला.

दुसरी वाट हगिन्स यांची. कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर काम करताना त्यांना दिसलं की ही ग्रंथी वृषणातून येणाऱ्या टेस्टोस्टेरॉनवर जगते. ते बंद केलं की ग्रंथी सुकते. तोच न्याय त्यांनी कॅन्सरला लावला. कॅन्सरची पेशी एकदा बेलगाम झाली की शरीराच्या कुठल्याही नियमाला जुमानत नाही, असं तोवर सगळे धरून चालले होते. हगिन्स यांनी दाखवलं की अंगभर पसरलेला कॅन्सरसुद्धा एका हार्मोनच्या धाग्याला बांधलेला असू शकतो. त्यासाठी १९६६ चं नोबेल पारितोषिक त्यांना पेटन राउस यांच्यासोबत मिळालं. १९७१ मध्ये अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमाँ यांनी मेंदूतून वृषणाला हुकूम देणाऱ्या हार्मोनची रचना उलगडली; १९७७ च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता. त्यातून महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घेण्याची इंजेक्शनं आली आणि शस्त्रक्रियेशिवायही टेस्टोस्टेरॉन थांबवता येऊ लागलं.

आपल्याकडे मात्र वृषण काढण्याची शस्त्रक्रिया मागे पडली नाही, आणि ती पडायलाही नको. ती लहान आहे, कमरेखालचा भाग बधिर करून होते, एकदाच होते. इंजेक्शनचा खर्च वर्षानुवर्षं चालतो. दोन एकर कोरडवाहू शेतीवर तो झेपणारा नसतो आणि मध्येच एक डोस चुकला तर आजार डोकं वर काढू शकतो. अडचण शरीराची नसून मनाची असते. साठ-सत्तर वर्षांच्या माणसाला हे सांगायचं कसं, म्हणून मुलं आणि जावई दाराबाहेर डॉक्टरांशी कुजबुजतात आणि निर्णय त्याच्या माघारी होतो. ज्याचं शरीर, त्याला बसवून समजेल अशा भाषेत सांगितलं पाहिजे. इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया, दोन्हींचा परिणाम शरीरावर सारखाच होतो: अंग तापल्यासारखं वाटणं, स्नायू उतरणं, हाडं ठिसूळ होणं, कामेच्छा जाणं. हे आधी कळलं तर माणूस सावरतो.

लसिका ग्रंथींपर्यंत गेलेल्या आजारात ही हार्मोनबंदी लवकर करावी की आजार वाढल्यावर? या प्रश्नावर अमेरिकेत एडवर्ड मेसिंग यांनी एक चाचणी केली. शस्त्रक्रियेत ग्रंथींमध्ये कॅन्सर सापडलेले ९८ रुग्ण, त्यांतल्या ४७ जणांना लगेच हार्मोनबंदी, ५१ जणांवर फक्त लक्ष. १९९९ मध्ये निकाल आला. सरासरी सात वर्षांनंतर पहिल्या गटात ७ मृत्यू झाले होते, दुसऱ्यात १८. आकडे लहान आहेत, पण ग्रंथीत गेलेला आजार म्हणजे हात टेकण्याची वेळ, या जुन्या समजुतीला त्यांनी तडा दिला.

तिसरी वाट किरणांची; गावाकडे ज्याला शेक म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेडियम प्रोस्टेटजवळ ठेवण्याचे प्रयोग झाले, पण त्यात भाजल्याच्या जखमाच जास्त व्हायच्या. १९५६ पासून स्टॅनफर्डमध्ये माल्कम बॅगशॉ यांनी लिनिअर ॲक्सिलरेटरने खोलवर, नेमके किरण देऊन प्रोस्टेटच्या रुग्णांवर उपचार केले. १९९७ मध्ये मिशेल बोला यांच्या युरोपीय चाचणीने दाखवलं की किरणांसोबत तीन वर्षं हार्मोनबंदी केली तर पाच वर्षांनंतर ७९ टक्के रुग्ण जिवंत राहतात, नुसत्या किरणांनी ६२ टक्के. तेव्हापासून ही जोडी पक्की झाली.

मग एका प्रश्नावर जगभरचे तज्ज्ञ दोन बाजूंना उभे राहिले. तपासणीत ग्रंथी साफ दिसतात, पण आजार जोखमीचा आहे, अशा रुग्णाला किरण फक्त प्रोस्टेटवर द्यावेत, की दिसत नसलेल्या पेशी असतील या हिशेबाने सगळ्या ओटीपोटावर? अमेरिकेत मॅक रोच यांनी तेराशेवर रुग्णांची मोठी चाचणी केली. २००३ मध्ये निकाल ओटीपोटाच्या बाजूने लागल्यासारखा वाटला, पुढच्या वर्षांत तो धूसर झाला. फ्रान्समधल्या ४४४ रुग्णांच्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. याच रोच यांच्या नावाचं एक साधं सूत्र त्या काळात रूढ झालं होतं. प्रोस्टेटमधून रक्तात उतरणाऱ्या पीएसए या प्रथिनाच्या आकड्याचा दोन तृतीयांश घ्यायचा, बायोप्सीत गाठ किती आक्रमक दिसते हे सांगणाऱ्या ग्लीसन गुणांतून ६ वजा करून उरलेल्याला १० ने गुणायचं, आणि दोन्हींची बेरीज करायची. पीएसए ३० आणि ग्लीसन ८ असेल तर २० अधिक २०, म्हणजे ग्रंथींत आजार असण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. कागद-पेन्सिलीवर होणारा हा हिशेब पुढे परळला कामी आला.

परळच्या हॉस्पिटलनेही दरम्यान मोठा पल्ला गाठला होता. लेडी मेहेरबाई टाटा यांचा १९३१ मध्ये ल्युकेमियाने मृत्यू झाला, त्यांच्यामागोमाग १९३२ मध्ये दोराबजीही गेले, आणि त्यांच्या ट्रस्टने हे हॉस्पिटल उभारलं. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तिथल्या प्रयोगशाळांचा पाया घातला. भारतीयांच्या सवयींशी जोडलेल्या कॅन्सरांवर त्यांनी १९४० च्या दशकातच लिहिलं. १९५७ मध्ये हॉस्पिटल केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. देशभरातून रुग्ण तिथे येत राहिले. त्यांतल्या कित्येकांची रात्र दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जाते, आणि कित्येकांची अजूनही फुटपाथवर.

नोव्हेंबर २०११ मध्ये टाटा मेमोरियलमधल्या डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अडलेल्या प्रश्नावर स्वतःची चाचणी सुरू केली. नाव ‘पॉप-आरटी’. तपासणीत ग्रंथी साफ, पण रोच सूत्राने ग्रंथींत आजार असण्याची शक्यता २० टक्के किंवा त्याहून जास्त, अशा रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला किरण फक्त प्रोस्टेटवर, दुसऱ्याला प्रोस्टेटसोबत ओटीपोटातल्या ग्रंथींवरही. दोघांनाही किमान दोन वर्षं हार्मोनबंदी. ऑगस्ट २०१७ पर्यंत २२४ रुग्ण भरले. जुन्या चाचण्यांपेक्षा इथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या. बहुतेक रुग्णांची तपासणी पीएसएमए पेट स्कॅनने झाली होती. हा स्कॅन प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशीवरचं एक विशिष्ट प्रथिन हुडकतो, त्यामुळे साध्या सीटी स्कॅनला न दिसणाऱ्या छोट्या ग्रंथीही तो दाखवतो. आणि किरण देण्याचं तंत्र इतकं नेमकं झालं होतं, की आतडी आणि मूत्राशय बऱ्यापैकी वाचवून ग्रंथींना पुरेसा डोस देता येत होता.

उपचार जवळून पाहिले तर असे: आधी सीटी स्कॅनवर नकाशा काढतात, अंगावर बारीक खुणा करतात. रुग्णाने रोज ठरलेलं पाणी पिऊन मूत्राशय भरून यायचं, म्हणजे आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. टेबलावर स्थिर पडून राहायचं. मशीन भोवती फिरतं, दुखत नाही, काही मिनिटांत काम संपतं. असं २५ वेळा, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे.

२०२१ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी’त निकाल छापून आला. पाच वर्षांनंतर पीएसए पुन्हा न चढलेले रुग्ण ओटीपोटाच्या गटात ९५ टक्के, नुसत्या प्रोस्टेटच्या गटात ८१.२ टक्के. आजार दूरवर न पसरता राहिलेले ९५.९ विरुद्ध ८९.२ टक्के. ज्या प्रश्नावर अमेरिका आणि फ्रान्सच्या चाचण्यांत एकवाक्यता झाली नव्हती, तिथे परळहून आलेल्या या आकड्यांची जगभर चर्चा झाली. पण निकाल सगळाच सांगितला पाहिजे. एकूण जगण्यात फरक दिसला नाही: ९२.५ आणि ९०.८ टक्के. लघवीचे मध्यम किंवा तीव्र दुष्परिणाम ओटीपोटाच्या गटात जास्त होते, २० टक्के विरुद्ध ८.९. चाचणी एकाच हॉस्पिटलमधली आणि आकाराने लहान. म्हणून ती शेवटचा शब्द नाही. तरी सार्वजनिक हॉस्पिटलात, सामान्य घरांतल्या रुग्णांच्या सहभागातून जगाच्या उपयोगाचं ज्ञान तयार झालं, आणि जॉन ॲडम्सनी १८५३ मध्ये नोंदवलेल्या त्याच ग्रंथींविषयी ते झालं, याचं मोल फार मोठं आहे.

ज्यांच्या ग्रंथींत आजार स्कॅनवर स्पष्ट दिसतो, पण हाडांत गेलेला नाही, त्यांच्यासाठीही चित्र बदललं आहे. त्यांना आता हार्मोनबंदीसोबत प्रोस्टेट आणि ओटीपोट दोन्हींवर किरण देतात, आणि दोन वर्षं अबिराटेरॉन या गोळ्या जोडतात. ब्रिटनमधल्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीच्या २०२२ च्या निकालात, अशा जोखमीच्या रुग्णांपैकी सहा वर्षांनंतर आजार न पसरलेले ८२ टक्के होते. गोळ्यांशिवाय ६९ टक्के. या गोळ्या भारतीय कंपन्या बनवतात. हाडांपर्यंत गेलेल्या आजारात डोसेटॅक्सेल हे केमोचं औषध आहे, आणि हार्मोनबंदीलाही न जुमानणाऱ्या आजारासाठी ल्युटेशियम-१७७ आहे. ते किरणोत्सारी द्रव्य तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. उलट, कमी जोखमीची लहान गाठ असेल तर काहीही न करता नियमित तपासणीत राहणं हाच योग्य उपचार असतो. प्रत्येक प्रोस्टेट कॅन्सरला सुरी किंवा शेक लागतोच असं नाही.

ग्रामीण भागात काय करता येतं, याचं उदाहरण सीमाभागाच्या शेजारीच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांची कॅन्सर नोंदणी सुरू केली. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. डॉ. बी. एम. नेने आणि टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्या या कामात कार्यकर्ते गावोगाव जात, बैठका घेत, लक्षणं समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीला आणत. परिणाम असा, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर हॉस्पिटलात येऊ लागल्या. परांडा आणि भूम हेही एकेकाळचे निजामी तालुके, भालकीसारखेच. तिथे बायकांसाठी जे झालं, ते म्हाताऱ्या पुरुषांसाठी भालकी, औराद, बसवकल्याणमध्ये व्हायला काहीच हरकत नाही. धडधाकट माणसांची सरसकट चाचणी करायला नको. त्यातून निरुपद्रवी गाठींवरही नको ते उपचार होतात, हा पाश्चात्त्य देशांचा अनुभव आहे. ज्यांना तक्रार आहे, त्यांची तक्रार वयावर न ढकलता तपासणं एवढंच हवं.

मेहकरच्या माणसापुढे वाटा चार. हैदराबादला १९५५ पासूनचं एमएनजे कॅन्सर हॉस्पिटल, मेहदी नवाज जंग यांनी उभं केलेलं. कलबुर्गीला बेंगळुरूच्या किदवई संस्थेचं केंद्र. लातूर-बार्शीकडची हॉस्पिटलं. आणि मुंबई. भाषा आणि नातीगोती महाराष्ट्राकडे ओढतात, रेशनकार्ड कर्नाटकाचं असतं. २०१८ पासून ‘आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक’ योजना आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, ५४ कोटी रुपयांची तरतूद केली. त्यात बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतली गावंही आहेत. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याला कडाडून विरोध केला. सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल काहीही लागो, कॅन्सरच्या रुग्णाला दोन्ही राज्यांनी अडवू नये, कारण त्याच्याकडे वाट बघायला वेळ नसतो.

पाच आठवडे घर सोडून परगावी राहणं हे या भागातल्या कुटुंबाला औषधाइतकंच जड जातं. पेरणी किंवा तुरीची रास आली की लोक उपचार अर्धवट टाकून परततात. यावर टाटा मेमोरियलमध्येच ‘प्राइम’ नावाची चाचणी हाती घेतली गेली. जोखमीच्या आणि लसिका ग्रंथींपर्यंत गेलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये २५ ऐवजी फक्त ५ वेळा, पण मोठ्या डोसचे किरण दिले तर परिणाम तितकाच चांगला येतो का, हे ती तपासते. ४३४ रुग्णांची योजना आहे. पाच बैठकांत काम होणार असेल, तर भालकी-औरादच्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

सीमाभागातल्या घरांना एवढंच कळकळीचं सांगणं आहे. घरात पन्नाशी ओलांडलेला माणूस लघवीला पुन्हा पुन्हा उठत असेल, धार अडत असेल, लघवीतून रक्त जात असेल, किंवा कंबर रात्रीही ठणकत असेल, तर त्याला सर्जनकडे किंवा मूत्ररोगतज्ज्ञाकडे न्या. पीएसएची रक्ततपासणी जिल्ह्याच्या गावी होते. कॅन्सर निघालाच तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: ग्लीसन किती आहे, आजार ओटीपोटातल्या ग्रंथींत गेला आहे का, आणि गेला असेल तर किरण कुठवर द्यायचे. आधार कार्ड, रेशनकार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट आणि बायोप्सीच्या काचा सोबत ठेवा.